वडिलांच्या आठवणींची वही कशी तयार करावी

वडील गेल्यानंतर काही आठवडे घरात माणसांची वर्दळ असते. ती ओसरली की कोणीतरी म्हणते, "बाबांच्या आठवणी एकदा लिहून काढायला हव्यात." सगळे माना डोलावतात आणि पुष्कळ घरांत तो विषय तिथेच राहतो. एखाद्या घरात मुलगा किंवा मुलगी खरोखरच लिहायला बसते. पण पहिल्या पानावर 'प्रेमळ, कष्टाळू, हौशी, सर्वांना सांभाळून घेणारे' एवढे लिहून झाले की लेखणी अडते. ही विशेषणे खोटी नसतात. मात्र ती इतक्या वडिलांना लागू पडतात की त्यांतून आपले वडील कोणते ते वाचणाऱ्याला कळत नाही, आणि वीस वर्षांनी ती वही उघडणाऱ्या नातवंडाला तर मुळीच कळणार नाही.

आमच्या घरी असेच झाले. बाबांचा जीव तीन गोष्टींत होता: घरची माणसे, कारखान्यातले यंत्रदुरुस्तीचे काम आणि प्रवास. आम्ही भावंडांनी प्रथम याच तीन नावांची तीन प्रकरणे आखली आणि तिन्ही कोरडी उतरली. कोणाच्या हाती द्यावी अशी वही व्हायला पुढे जवळजवळ दोन वर्षे गेली. त्या काळात चुकत माकत जी पद्धत सापडली ती येथे सविस्तर मांडली आहे. वडील हयात असतील तर यातले निम्मे काम त्यांच्याच शेजारी बसून करता येते, आणि ते अधिक चांगले होते, हेही आरंभीच सांगून ठेवतो.

आधी एकेकट्याने लिहावे

पहिली बैठक सर्वांनी मिळून घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. गप्पांच्या बैठकीत ज्याचा आवाज मोठा, किंवा ज्याला गोष्ट रंगवून सांगता येते, त्याची आठवण सर्वांची होऊन बसते, आणि मग आपल्याला मुळात काय आठवत होते ते आपले आपल्यालाही सांगता येत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की ऐकलेली गोष्ट माणूस पुन्हा सांगतो तेव्हा ती जशीच्या तशी बाहेर काढत नाही. तो ती नव्याने जुळवतो, अनोळखी वाटणारे तपशील गाळतो आणि उरलेल्यांना आपल्या ओळखीचे वळण देतो. घरातली आठवण चार तोंडांतून फिरली की तिचे हेच होते. नेमका, थोडा विचित्र, कुठेच न बसणारा तपशील आधी गळतो, आणि वहीला खरी गरज त्याचीच असते.

म्हणून आई, भावंडे, आत्या, काका, बाबांचे जुने मित्र अशा प्रत्येकाला दोन-तीन आठवड्यांची मुदत देऊन एकमेकांना न दाखवता लिहायला सांगावे. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी मोबाइलवर बोलून ध्वनिमुद्रण करावे. एका बैठकीला वीस मिनिटे पुरतात आणि एका वेळी एकच प्रसंग घ्यावा. 'बाबा कसे होते' या प्रश्नाने सुरुवात केली तर पुन्हा विशेषणेच हाती येतील. त्याऐवजी हात, आवाज आणि वस्तू यांच्याकडून सुरुवात करावी. कामावरून घरी आल्यावर ते प्रथम काय खाली ठेवत असत? प्रत्येकाला कोणत्या नावाने हाक मारत, आणि रागावले की कोणत्या? चष्मा कुठे विसरत? प्रवासाची बॅग भरताना सर्वांत शेवटी तीत काय टाकत? अशा प्रश्नांची उत्तरे एका ओळीची असली तरी चालतात. किंबहुना एका ओळीची उत्तरेच बहुधा खरी असतात.

सर्वांचे कागद जमले की मग ते एकत्र वाचावेत. मतभेद निघतीलच. आमची बस एकदा डोंगरातल्या रस्त्यावर बंद पडली होती. माझ्या कागदावर ती मध्यरात्र होती आणि मुसळधार पाऊस कोसळत होता, तर ताईच्या कागदावर संध्याकाळ होती आणि रिमझिम पडत होती. अशा वेळी दोन्हींचा मध्य काढून तिसरे, कोणालाच न आठवणारे कथन तयार करू नये. दोन्ही आठवणी ज्याच्या त्याच्या नावाने शेजारी शेजारी ठेवाव्यात. सनावळी आणि स्थळे यांची पडताळणी कागदपत्रांवरून होऊ शकते. पाऊस किती होता याची होऊ शकत नाही आणि ती व्हायलाच हवी असेही नाही.

या कामाचा मनावर ताण येतो. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठातील मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ साली दुःखाविषयीची एक मांडणी केली. तिचा आशय असा की शोक करणारे माणूस कधी गेलेल्याकडे वळते, तर कधी पुढच्या कामांकडे. ही ये-जा म्हणजेच सावरण्याची नेहमीची रीत आहे. त्यामुळे आठवड्यातला एखादा ठरावीक वेळ या कामाला द्यावा आणि वेळ संपली की कागदांची पेटी बंद करून उठावे. एखादा महिना हात लागला नाही तर अपराधी वाटून घेऊ नये. मात्र पुढील काही गोष्टींना थांबायला सवड नसते.

जे आधी नाहीसे होईल ते आधी घ्यावे

बहुतेक जण फोटोंपासून आरंभ करतात, कारण ते डोळ्यांसमोर असतात. पण छापील फोटो आणखी दहा वर्षे थांबू शकतात. माणसे थांबू शकत नाहीत. वडिलांच्या पिढीतल्या सर्वांत वयस्क व्यक्तीशी याच महिन्यात बोलावे. वहीचा आराखडा तयार नसला तरी चालेल.

त्यानंतर वडिलांचा मोबाइल. पुष्कळ घरांत तो घाईघाईने सगळे पुसून दुसऱ्या कोणाला वापरायला दिला जातो किंवा त्याचा क्रमांक बंद केला जातो, आणि त्यासोबत त्यांचा आवाज जातो. साधारण १२० दिवस वापर झाला नाही तर व्हॉट्सॲप ते खाते काढून टाकते, आणि बंद केलेला मोबाइल क्रमांक काही काळाने दुसऱ्याच माणसाला दिला जाऊ शकतो. त्यामुळे फोन चालू स्थितीत असतानाच महत्त्वाच्या संभाषणांची निर्यात (एक्स्पोर्ट) करून घ्यावी आणि ती करताना चित्रे व ध्वनिसंदेश यांच्यासह करावी. 'पोहोचलो', 'निघालो', 'फोन कर' असे तीन सेकंदांचे ध्वनिसंदेशही पुसू नयेत. पुढे तेच पुन्हा पुन्हा ऐकले जातात. गूगलचे खाते दोन वर्षे वापरात नसेल तर ते त्यातल्या मजकुरासह काढून टाकले जाऊ शकते आणि या धोरणाची अंमलबजावणी डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली आहे. ॲपलमध्ये २०२१ च्या अखेरीपासून आपल्या पश्चात खाते कोणाला पाहता यावे त्या व्यक्तीचे नाव आधीच नोंदवता येते आणि गूगलमध्येही तशी सोय आहे. वडील हयात असतील तर एका दुपारी त्यांच्याकडून हे करून घ्यावे. विषय काढणे अवघड जाते हे खरे, पण 'आधी माझ्या खात्यात करून दाखवतो' असे म्हटले की सोपे होते.

तिसरा क्रमांक तिकिटे आणि पावत्या यांचा. गुळगुळीत, पातळ कागदावर उष्णतेने उमटवलेली तिकिटे शाईची नसतात. त्या कागदाचा लेपच काळा पडून अक्षरे दिसतात, आणि ती काही वर्षांत, कधी काही महिन्यांत, विरून जातात. असे तिकीट सापडले की त्याच दिवशी त्याची प्रतिमा घ्यावी. ते जपायचे म्हणून लॅमिनेशन करायला देऊ नये. गरम रुळांखाली अख्खे तिकीट काळे होते. हे मी करून पाहिले आहे आणि बाबांच्या एका लांबच्या प्रवासाचे एकमेव तिकीट त्यात गमावले आहे.

चौथ्या क्रमांकावर कॅसेट. कॅसेटच्या वरच्या कडेला असलेले दोन लहान प्लास्टिकचे तुकडे आधी मोडून टाकावेत, म्हणजे वाजवताना चुकून तिच्यावर नवे ध्वनिमुद्रण होणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती वाजवूच नये, जाणकाराकडे द्यावी. संगणकात उतरवून घेताना वेव्ह प्रकारातली, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची फाइल करून मूळ प्रत म्हणून ठेवावी. नातेवाइकांना पाठवायला तिच्यापासून लहान प्रत करता येते.

फोटो, आणि फोटोत नसलेले वडील

फोटोंची पेटी उघडल्यावर आमच्या लक्षात आले की प्रवासाच्या दीडशेहून अधिक फोटोंपैकी बाबा जेमतेम अकरांत होते. कारण उघड होते: कॅमेरा त्यांच्याच हाती असे. प्रथम वाईट वाटले. पुढे एका फोटोने सगळे बदलले. त्यात आई आणि आम्ही तिघे एका दगडी पायरीवर ओळीने बसलो आहोत, ऊन समोरून येत असल्याने सर्वांचे डोळे किलकिले आहेत, आणि खालच्या कडेपासून आमच्या पायांपर्यंत एक लांब सावली आली आहे. कोपरे बाहेर काढलेली, डोके किंचित डावीकडे कललेले. कॅमेऱ्याच्या काचेतून पाहताना बाबा तसेच उभे राहत. नंतर आम्ही उरलेले फोटो नव्या दृष्टीने पाहिले: ते कोणाला मध्यभागी घेत, किती दूर उभे राहत, मुलांचा फोटो घ्यायला गुडघ्यावर बसत की वरूनच घेत, आणि माणसे नसताना त्यांनी कशाचे फोटो काढले. आमच्या बाबांनी पूल, जलाशयांचे दरवाजे आणि रेल्वेच्या इंजिनांची चाके यांचे इतके फोटो काढले होते की लहानपणी आम्ही त्यांना 'वाया घालवलेले फोटो' म्हणत असू. वहीत त्यांना चार पाने दिली आहेत. वडील फोटो काढणारे असतील तर त्यांनी काय पाहिले हाच त्यांचा फोटो समजावा.

आता तांत्रिक बाजू. पारदर्शक कागदाखाली चिकट पानांवर फोटो लावायचे अल्बम एके काळी फार लोकप्रिय होते आणि तेच फोटोंचे सर्वांत मोठे शत्रू ठरले. त्यांचा गोंद वर्षांनुवर्षे फोटोच्या पाठीत मुरतो. फोटो सहज सुटत नसेल तर ओढू नये. आधी पूर्ण पानाची, शेजारच्या मजकुरासह, एक प्रतिमा घ्यावी. मग दात साफ करण्याचा बिनवासाचा फ्लॉस फोटोच्या मागून हळूहळू सरकवत न्यावा. तरीही निघाला नाही तर तो पानावरच ठेवून स्कॅन करावा. नव्याने ठेवताना पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नयेत, कारण त्यांतून निघणारी द्रव्ये फोटो खराब करतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पिशव्या चालतात. कागद आम्लमुक्त असावा. पेटी माळ्यावर, तळघरात किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नये. माणसाला जिथे फार उकडत नाही आणि ओल येत नाही अशी आतली खोली फोटोंनाही मानवते.

चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० बिंदू घेऊन, स्कॅन केला की २४०० बाय ३६०० बिंदूंची, म्हणजे सुमारे ८६ लाख बिंदूंची प्रतिमा मिळते आणि ती मूळ फोटोच्या दुप्पट लांबी-रुंदीने छापली तरी स्पष्ट राहते. निगेटिव्ह जपून ठेवली असेल तर भाग्यच समजावे, कारण छापील फोटोत उतरले नाही असे बरेच काही तीत असते. तिचा आकार बहुधा फक्त २४ बाय ३६ मिलिमीटर असल्याने तिला निदान २४०० डीपीआय लागतात. मूळ प्रत टिफ प्रकारात ठेवावी. जेपेग फाइल दर वेळी बदल करून जतन केली की थोडी थोडी खराब होत जाते, त्यामुळे तो प्रकार फक्त वाटण्यासाठी वापरावा.

स्कॅन केलेल्या फाइलवर स्कॅन केल्याची तारीख पडते, फोटो काढल्याची नव्हे. म्हणून फाइलच्या नावात आरंभी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा, म्हणजे त्या आपोआप कालक्रमाने लागतात. नक्की माहीत नसेल तिथे '१९८०च्या दशकात' असे प्रामाणिकपणे लिहावे, अंदाजाने तारीख ठोकून देऊ नये. साल ठरवायला मुलांची उंची, पडलेले दात, शाळेचा गणवेश, मागे उभ्या वाहनाचा नमुना यांची मदत होते. डिजिटल कॅमेऱ्याच्या तारखेवरही आंधळा विश्वास ठेवू नये, कारण पुष्कळांनी कॅमेऱ्याचे घड्याळ कधी लावलेलेच नसते. मोबाइलच्या फोटोत बहुधा स्थळाची नोंद दडलेली असते. मात्र व्हॉट्सॲपवरून चित्र म्हणून पाठवलेल्या प्रतीत ती उरत नाही, म्हणून मूळ फाइल फोनमधून थेट घ्यावी. फोटोच्या मागे लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने, काठाजवळ, दाब न देता लिहावे. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.

काम: घराला न दिसलेला माणूस

घरच्यांना वडिलांचे काम कळते ते बहुधा पदनाम, निघण्याची वेळ आणि परतल्यावरचा थकवा एवढेच. दिवसातले आठ-दहा तास ते जिथे होते तिथले वडील सहकाऱ्यांनाच माहीत असतात. त्यामुळे या भागासाठी घराबाहेर पडावेच लागते आणि वहीतला सर्वांत नवा मजकूर येथेच मिळतो, असा माझा अनुभव आहे.

सहकाऱ्यांना एकेकटे भेटावे. जाताना वडिलांच्या कामाची एखादी वस्तू बरोबर न्यावी: हत्यार, हजेरीचे ओळखपत्र, जुनी नोंदवही, काहीही. वस्तू हातात आली की माणूस सहज बोलू लागतो. बोलणे तास-दीड तासाच्या पुढे नेऊ नये, ध्वनिमुद्रण करायचे तर आधी विचारावे, आणि 'ते प्रामाणिक होते ना?' अशा होकारच मिळेल अशा प्रश्नांऐवजी 'एखादा कठीण दिवस सांगा', 'कामावर त्यांच्याशी कोणाचे पटत नसे?', 'नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी काय शिकवत?' असे विचारावे. समोरचा थांबला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. दहा सेकंदांची शांतता विचारणाऱ्याला फार लांब वाटते, सांगणाऱ्याला नाही.

बाबांच्या एका निवृत्त सहकाऱ्यांकडे मी त्यांचा लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो होतो. त्याच्या लाकडी मुठीचा शेवट एका बाजूने गुळगुळीत झिजला होता आणि आम्हाला ते वापराने झिजले असावे इतकेच वाटत होते. त्यांनी तो हातात घेतला, टोक टेबलावर टेकवले आणि मूठ आपल्या कानामागच्या हाडाशी लावली. "तुझे वडील असे ऐकायचे," ते म्हणाले. चालत्या यंत्राच्या बेअरिंगच्या बाहेरच्या आवरणावर टोक टेकवायचे आणि मुठीतून आतला आवाज ऐकायचा. बेअरिंग चांगले असेल तर एकसारखी घरघर येते, गोळ्या खराब झाल्या असतील तर मध्येच खरखर किंवा टकटक येते. मोजणारी उपकरणे नंतर आली, तरी बाबा आधी स्वतःचा कान लावत. मूठ झिजली होती ती कानाजवळच्या बाजूने.

कार्यालयीन कागद हाताळताना थोडे तारतम्य ठेवावे. मालकाचे गोपनीय आराखडे, रुग्णांची, अशिलांची किंवा विद्यार्थ्यांची माहिती घरात निघाली तर ती वहीत घेऊ नये. वडिलांनी हाताने केलेली आकडेमोड, समासातली शेरेबाजी, निवृत्तीच्या दिवशीचे भाषण, राजीनाम्याचा कधीच न दिलेला मसुदा हे मात्र अवश्य घ्यावे. वर्तमानपत्रातील कात्रण असेल तर त्याची प्रत आम्लमुक्त कागदावर काढून मूळ कात्रण वेगळे ठेवावे, कारण त्या कागदातील लिग्निन या लाकडातून आलेल्या द्रव्यामुळे ते स्वतः तर पिवळे पडतेच, शेजारच्या फोटोलाही डाग लावते.

प्रवास

प्रवासाच्या भागाची एक गंमत आहे: त्याचा पुरावा भरपूर असतो आणि तरीही तो सर्वांत लवकर कंटाळवाणा होतो. अमुक साली अमुक ठिकाणी गेले, तिथून तमुक ठिकाणी गेले, अशी यादी दोन पानांपुढे कोणी वाचत नाही. यादी करावी, पण ती परिशिष्टात टाकावी. ती करायला जुनी पारपत्रे उत्तम, कारण त्यांतल्या शिक्क्यांवर तारीख आणि प्रवेशाचे किंवा निर्गमनाचे ठिकाण असते; पत्रांवरचे टपालाचे शिक्के, खिशातल्या डायऱ्या, वाहनाच्या सर्व्हिसिंगच्या पुस्तिकेतले किलोमीटरचे आकडे यांवरून उरलेली भोके बुजवता येतात. मग एक नकाशा मोठ्या कागदावर छापून घ्यावा आणि पेन्सिलीने मार्ग आखावेत. आमच्या नकाशावर एक गोष्ट आपोआप दिसली: बाबा गेलेल्या वाटेने सहसा परत येत नसत. प्रत्येक प्रवास हे जवळजवळ पूर्ण झालेले वर्तुळ होते.

मुख्य मजकुरात जायला हवे ते प्रवासी म्हणून वडिलांचे वागणे. ते वेळेच्या किती आधी निघत? रस्ता विचारायला लाजत का? खिडकीची जागा कोणाला देत? अनोळखी माणसाशी पहिले वाक्य काय बोलत? काही हरवले तर कोणावर चिडत? माणसाचा स्वभाव घरापेक्षा प्रवासात उघडा पडतो. शक्य असेल तर त्यांच्या एखाद्या छोट्या प्रवासाची वाट पुन्हा, त्याच ऋतूत आणि त्याच प्रकारच्या वाहनाने करावी. बरोबर त्यांची त्या दिवशीची नोंद न्यावी आणि तिथे पोहोचल्यावर वाचावी. जागा ओळखू न येण्याइतकी बदललेली असली तरी अंतर तेच असते, चढ तोच असतो आणि शेवटच्या तासाला येणारा कंटाळाही तोच असतो.

आणि बंद पडलेली ती बस. माझ्या व ताईच्या दोन्ही कागदांवर एक तपशील समान होता: बस बंद पडण्याच्या बऱ्याच आधी बाबा बोलायचे थांबले होते आणि डोके खिडकीच्या लोखंडी चौकटीला टेकवून, डोळे मिटून बसले होते. आम्हाला वाटे की त्यांना झोप लागली होती. सहकाऱ्यांनी स्क्रूड्रायव्हर कानामागे लावून दाखवला तेव्हा कळले की ते झोपले नव्हते, ऐकत होते.

तीन प्रकरणांची विभागणी आम्ही त्या संध्याकाळी मोडली. वहीची रचना करताना हीच जोडणी शोधावी असे मी आग्रहाने सांगेन: कामाची सवय प्रवासात कुठे दिसते, प्रवासाची शिस्त घरात कुठे दिसते, आणि घरातले कोणते माणूस त्यांच्या कामाच्या डायरीत अचानक भेटते. बाबांच्या देखभालीच्या नोंदींत एका पानावर, तेलाच्या दाबाच्या दोन आकड्यांच्या मध्ये, ताईचे नाव आणि 'ताप १०२' असे लिहिले होते. घर, काम आणि प्रवास यांच्या सीमा वडिलांच्या मनात नसतातच; त्या लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी असतात.

लिहिताना

प्रत्येक नोंद एका प्रसंगाची असावी, दोनशे-तीनशे शब्दांची, आणि प्रसंग संपला की तिथेच थांबावी. 'असे होते आमचे बाबा' हे वाक्य लिहिण्याची ऊर्मी प्रत्येक नोंदीच्या शेवटी येते. ते खोडून पाहावे, नोंद बहुधा सुधारते. काळाच्या क्रमाचा फार आग्रह धरू नये. जन्म, शिक्षण, नोकरी, विवाह, निवृत्ती यांच्या तारखा एका पानावर आटोपाव्यात, म्हणजे उरलेली पाने मोकळी होतात.

वडिलांचे दोष लिहावेत का, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. माझे मत असे की लिहावेत, पण ज्यांना ते भोगावे लागले त्यांनी आपल्या शब्दांत लिहावेत आणि छापायचे की नाही हेही त्यांनीच ठरवावे. आमचे बाबा प्रवासात कोणी उशीर केला तर तासन्‌तास अबोला धरत. ते गाळले असते तर ठरल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी दारात उभी राहण्याची ताईची आजची सवय कोणाला कळली नसती. हयात असलेल्या तिसऱ्या व्यक्तींची भांडणे, आजार, पैशांचे व्यवहार मात्र त्यांच्या संमतीशिवाय आणू नयेत. पत्रे छापताना त्यांतली वाक्ये सुधारू नयेत. वडिलांचे शुद्धलेखन चुकत असेल तर ते चुकलेलेच ठेवावे.

याच सामग्रीतून कोणाला स्मरणसभेत बोलायचे असेल तर पाच मिनिटांत दोन प्रसंग बसतात, तीन बसत नाहीत. मोठ्याने वाचून, घड्याळ लावून पाहावे, आणि कागदावर अक्षर मोठे घ्यावे, कारण डोळे भरून येतात.

प्रती

छपाईसाठी टिकाऊ कागद मागावा. आयएसओ ९७०६ हे त्याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पाने शिवलेली असावीत, नुसती चिकटवलेली नसावीत. संगणकातल्या सामग्रीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली निदान एक दुसऱ्या घरात, हा नियम पाळावा. पेनड्राइव्ह हे नेण्या-आणण्याचे साधन आहे, साठवणीचे नव्हे. वर्षातून एक दिवस ठरवून प्रत्येक प्रत उघडून पाहावी, नुसती फाइलची नावे पाहून समाधान मानू नये. पासवर्ड कोणा एकाच्याच डोक्यात राहणार नाही याची काळजी घ्यावी.

पक्की छपाई करण्याआधी एक कच्ची प्रत, रुंद समास सोडून, सर्वांना द्यावी आणि हातात पेन्सिल घेऊन वाचायला सांगावे. शेवटी आठ-दहा पाने कोरी ठेवावीत. वही वाटल्यावरच पुष्कळांना खरे आठवते. आमच्या कच्च्या प्रतीवर सर्वांत जास्त खुणा आईच्या निघाल्या. बस बंद पडल्याच्या पानावर, माझ्या मुसळधार पावसाच्या आणि ताईच्या रिमझिमीच्या मध्ये, तिने लिहिले होते: 'त्या दिवशी पाऊस नव्हता. काचेवर पाणी होते ते इंजिनाचे. तुम्ही दोघे झोपला होतात आणि यांनी मला आधीच सांगितले होते, की ही आता थांबणार.' ती ओळ आम्ही तिच्याच अक्षरात, पेन्सिलीच्या खोडलेल्या खुणेसह, छापली आहे.